मूल शाळेच्या ताब्यात असतं तेव्हा

शाळेतली सुरक्षितता आणि तिच्याबद्दलची कायदेशीर जबाबदारी या विषयावर इंदूरच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी काही या अंकात घेतली आहेत. पत्रं थोडी आखडली आहेत. मूल किंवा शाळा ओळखू येईल असा कुठलाही तपशील ठेवलेला नाही.

प्रश्न : मुलगी सहावीत आहे. शाळेची पाताळपाणीला सहल जातेय. सोबत आलेल्या फॉर्मवर 'कोणत्याही दुर्घटनेस शाळा जबाबदार राहणार नाही' असं छापलंय. सही केली नाही तर तिला नेणार नाहीत. सही केली तर आमचा हक्कच जातो का?
– एक आई, सुदामानगर

नाही, जात नाही. तुमच्या सहीचा अर्थ एवढाच की मुलीला सहलीला न्यायला तुमची परवानगी आहे. हलगर्जीपणा करायची परवानगी कुणी कुणाला सहीनं देऊ शकत नाही. तसा करार केला तरी तो सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध ठरतो आणि करार कायद्याच्या कलम २३ पुढे टिकत नाही. शिवाय हक्क मुलीचा आहे, तो तुम्ही परस्पर सोडून द्यावा अशी अपेक्षा कायदा करत नाही.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा २००१ चा निकाल माहीत असावा. १९९५ च्या मे महिन्यात पठाणकोटजवळच्या एका शाळेची सहल बियास नदीकाठी गेली होती आणि १४ विद्यार्थी बुडाले. न्यायालयानं शाळेला जबाबदार धरलं आणि प्रत्येक मुलाच्या पालकांना ५ लाख रुपयांची भरपाई कायम केली. मुलं लहान असतात तेव्हा घ्यायची काळजी वाढते, हे सूत्र त्यातून पक्कं झालं. दुसरं प्रकरण बंगळूरच्या एका शाळेच्या उत्तर भारत सहलीचं. मुलगी वाटेत आजारी पडली, वेळेवर डॉक्टरकडे नेलं गेलं नाही आणि मेंदूज्वरानं ती कायमची परावलंबी झाली. तिथं भरपाईचा आकडा ८८ लाखांच्या वर गेला.

तेव्हा फॉर्म भरा, पण सहीखाली स्वतःच्या अक्षरात लिहा : 'सहलीस संमती आहे. शाळेच्या किंवा सोबतच्या व्यक्तींच्या निष्काळजीपणाची जबाबदारी माफ केलेली नाही.' तारीख घाला आणि कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

खरा प्रश्न फॉर्मचा नाही, पाण्याचा आहे. पाताळपाणीला वर घाटात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो आणि खडकांवर उभ्या माणसाला सुटायला वेळ मिळत नाही. पावसाळ्यात धबधब्याची सहल मुळात काढूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. थंडीत जाणार असतील तरी शाळेला लेखी विचारा : मुलं पाण्यात उतरणार आहेत का? किती मुलांमागे एक मोठं माणूस? (पाण्याजवळ प्राथमिक-माध्यमिकच्या दहा मुलांमागे एक, यापेक्षा कमी आम्हाला पटत नाही, आणि त्यात बसचा ड्रायव्हर-क्लीनर धरायचा नाही.) प्रत्येक वेळी बसमध्ये चढताना हजेरी कोण घेणार? सर्वांत जवळचं दवाखान्याचं ठिकाण कोणतं आणि त्यासाठी वेगळी गाडी सोबत आहे का? नुसती बस असेल तर एका मुलाला दवाखान्यात नेताना बाकीची पन्नास मुलं उघड्यावर राहतात, आणि नेमका याच कारणानं 'जरा वेळ बघू' म्हणून उशीर होतो.

मुलीला दमा, फिट्स, कशाची ॲलर्जी असेल तर औषधाचं नाव, मात्रा आणि डॉक्टरांचा फोन लिहून तो कागद वर्गशिक्षिकेच्या हातात द्या. दप्तरात ठेवलेली चिठ्ठी ऐन वेळी कुणी उघडत नाही.

प्रश्न : आमची दोन्ही मुलं व्हॅननं जातात. पाटी पांढरी आहे, मागे गॅसची टाकी, १३-१४ मुलं. शाळेत बोललो तर 'व्हॅन तुम्ही लावली, ते तुमचं आणि ड्रायव्हरचं' असं उत्तर मिळालं. शाळेची काहीच जबाबदारी नाही का?
– एक पालक, राजेंद्रनगर

आधी एक गोष्ट तपासा. व्हॅनचे पैसे शाळेच्या पावतीवर जातात का? व्हॅनवाल्यांची यादी शाळेनं दिली होती का? मार्ग, वेळा, थांबे शाळा ठरवते का? यांतलं एकही 'हो' असेल तर ती शाळेनं पुरवलेली वाहतूक आहे आणि मूल गाडीत पाय ठेवतं तेव्हापासून शाळेची जबाबदारी सुरू होते. तुम्ही खरोखरच स्वतः व्हॅन ठरवली असेल तर रस्त्यावरची मुख्य जबाबदारी मालक-चालकाची. तरीही सुटीनंतर मूल कुणाच्या हाती सोपवलं जातं, फाटकाशी गाड्या कशा उभ्या राहतात, चढताना-उतरताना तिथं कोण उभं असतं, हे शाळेच्याच अखत्यारीत राहतं.

पण तुमच्या पत्रात त्याहून गंभीर गोष्ट आहे ती पांढरी पाटी. पांढऱ्या पाटीची गाडी खाजगी वापराची, भाड्यानं मुलं वाहण्याचं परमिट तिला नसतं. अपघात झाला की 'पॉलिसीच्या अटीचा भंग' म्हणून विमा कंपनी हात झटकू पाहते, आणि भरपाईसाठी तुम्हाला अशा मालकाच्या मागे लागावं लागतं ज्याच्याकडे व्हॅनशिवाय काही नाही. महिन्याला शंभर-दोनशे रुपये वाचवून ही जोखीम घेऊ नका. गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर घातला की फिटनेस, विमा आणि गाडीचा प्रकार दिसतो. व्यावसायिक गाडीचा फिटनेस पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांचा आणि नंतर दरवर्षी करावा लागतो. म्हणून जुन्या गाडीच्या कागदांची तारीख नीट बघा.

५ जानेवारी २०१८ ला आपल्या बायपासवर शाळेची बस दुभाजक ओलांडून ट्रकवर आदळली आणि चार विद्यार्थी व चालक गेले. इंदूरकर ते विसरलेले नाहीत. त्या अपघातानंतरच्या याचिकांवर मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठानं डिसेंबर २०२४ मध्ये सूचना दिल्या : १२ वर्षांपेक्षा जुनी गाडी शाळेची बस म्हणून नको. बसला जीपीएस आणि सीसीटीव्ही हवा आणि पालकांना तो मोबाइलवर बघता यायला हवा. शाळेनं एका ज्येष्ठ शिक्षकाला किंवा कर्मचाऱ्याला वाहन-प्रभारी नेमावं. ऑटोत चालकासह चारच जण. याखेरीज सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या सूचना लागू आहेतच : पिवळा रंग, शाळेचं नाव आणि फोन, खिडक्यांना आडव्या सळ्या, वेगनियंत्रक, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, दाराला पक्कं कुलूप आणि सोबत परिचारक. चालकाला अवजड वाहनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा. बेफाम वेग किंवा दारूसाठी एकदाही चालान झालेला माणूस चालत नाही.

वेगनियंत्रक बसवलेला असतो, पण फिटनेस झाल्यावर त्याची वायर काढून ठेवतात, असं होतं. कागदावरून ते कळत नाही. मुलाच्या किंवा सोबतच्या बाईंच्या फोनवर जीपीएसचा वेग एक दिवस बघितला की कळतं.

तक्रार करायची तर वाहन-प्रभारी कोण आहे हे आधी शाळेला लेखी विचारा. नाव मिळालं की पुढचा पत्रव्यवहार त्यांच्याशी आणि त्याची प्रत प्राचार्यांना. आठवड्यात हालचाल नसेल तर गाडीच्या नंबरासह नायता मुंडल्याच्या आरटीओ कार्यालयात अर्ज द्या किंवा १८१ वर सीएम हेल्पलाइनला तक्रार नोंदवून तिचा क्रमांक ठेवा. अर्ज हिंदीत लिहा आणि आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. चार-पाच पालक मिळून नवी, पिवळ्या पाटीची गाडी ठरवणं हा मात्र सगळ्यांत जलद उपाय आहे, आणि तो तक्रारीच्या निकालापर्यंत थांबवू नये.

प्रश्न : मी एका खाजगी शाळेत शिकवते. एका लहान मुलीनं शाळेतल्या एका कर्मचाऱ्याबद्दल जे सांगितलं ते ऐकून माझी झोप उडाली आहे. प्राचार्य म्हणाल्या, 'आधी आतल्या आत चौकशी करू, पालकांना इतक्यात कळवू नका.' मी त्यांना सांगितलं म्हणजे माझं कर्तव्य झालं का?
– एक शिक्षिका

झालं नाही. हे पत्र छापून येण्याची वाट न बघता तुम्हाला फोनवर कळवलं आहे. तरी इतर शिक्षकांसाठी सविस्तर लिहितो आहोत.

पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा. त्याचं कलम १९ सांगतं की असा गुन्हा घडला आहे हे ज्याला कळलं, किंवा घडेल अशी धास्ती ज्याला वाटली, त्या कुठल्याही व्यक्तीनं पोलिसांना किंवा विशेष किशोर पोलीस पथकाला कळवायचं. प्राचार्यांना कळवणं म्हणजे कायद्याला कळवणं नव्हे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. बदलापूरला २०२४ मध्ये शाळेच्या विश्वस्तांवरही न कळवल्याबद्दल गुन्हा नोंदला गेला, तो याच तरतुदीखाली. उलट, सद्भावनेनं माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही असं कलम १९ मध्येच लिहिलेलं आहे. नोकरी जाईल ही भीती खरी आहे हे आम्ही जाणतो. पण प्राचार्यांना ईमेल करून, त्यात तारीख-वेळ लिहून, मग पोलिसांत जाणाऱ्या शिक्षिकेला हात लावणं शाळेला फार जड जातं.

'आतली चौकशी' का नको, याची कारणं व्यावहारिक आहेत. प्रत्येक नवा माणूस मुलीला तेच पुन्हा विचारतो, ती घाबरून शब्द बदलते आणि पुढे बचावाचा वकील त्याच फरकावर बोट ठेवतो. आरोपीला कुणकुण लागते. कॅमेऱ्याचं चित्रण पुसलं जातं, कपडे धुतले जातात. आणि सर्वांत वाईट म्हणजे मुलीला त्या माणसासमोर उभं करून 'खरं सांग' म्हटलं जातं. असं कधीही करू नये.

तुम्ही करायचं एवढंच : मुलीनं वापरलेले शब्द जसेच्या तसे, तिच्याच बोलीत, त्याच दिवशी कागदावर उतरवा. स्वतःकडून प्रश्न विचारून तपशील काढू नका. 'तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही' एवढं म्हणा. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. तिच्या पालकांना शांतपणे बोलावून घ्या. मग मुलांच्या मदतीच्या १०९८ किंवा पोलिसांच्या ११२ वर फोन, किंवा सरळ जवळच्या ठाण्यात. तोंडी सांगितलं तरी पोलिसांनी ते लिहून, क्रमांक देऊन, वाचून दाखवायचं असतं. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली आहे म्हणून परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकानं एफआयआर नोंदवावाच लागतो. इंदूरला डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे, तेव्हा ठाण्यात दाद लागली नाही तर त्या झोनच्या डीसीपींकडे (पोलीस उपायुक्तांकडे) लेखी जा.

पालक बहुतेकदा 'मुलीला ठाण्यात फिरवतील' या भीतीनं मागे हटतात. त्यांना सांगा : मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानं, आणि गणवेश न घालता. रात्री तिला ठाण्यात ठेवता येत नाही. तपासणी महिला डॉक्टर करते, आईवडिलांपैकी कुणी किंवा मुलीच्या विश्वासाचं माणूस जवळ असताना. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं, आणि ती समिती खटला संपेपर्यंत सोबतीला एक मदतनीस व्यक्ती देऊ शकते. मुलीचं नाव, फोटो, घर, अगदी शाळेचं नावसुद्धा माध्यमांत येता कामा नये. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रागाच्या भरात नाव टाकणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं.

शाळेत प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळानं करणं पॉक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे बंधनकारक आहे. यात कंत्राटी सफाईवाले, रखवालदार, बसचे लोकही येतात. नेमकी हीच माणसं 'एजन्सीची आहेत' म्हणून यादीतून सुटतात.

प्रश्न : मुलगा अकरा वर्षांचा. गृहपाठ केला नाही म्हणून सरांनी थोबाडीत मारली, मग तासभर उन्हात उभं केलं. तक्रार केली तर मुलावर राग काढतील अशी भीती वाटते.
– एक वडील, लोकमान्यनगर

शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी करतं. कायदा ६ ते १४ वयासाठी आहे, तुमचा मुलगा त्यात येतो. राष्ट्रीय बाल हक्क आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत बाकावर उभं करणं, कोंबडा करणं, गुडघ्यांवर बसवणं, वर्गात किंवा स्वच्छतागृहात कोंडणं हेही शिक्षेत धरलं आहे. घरच्या परिस्थितीवरून, जातीवरून, आईवडिलांच्या कामावरून टोमणे मारणं हा मानसिक छळ. 'आमच्या वेळीही मारत होते' हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येतं, आणि तेच शिक्षकांना बळ देतं.

शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे शिक्षण हक्क कायदा तिला लागू होत नाही. म्हणून ती मोकळी सुटते असं नाही. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानं क्रूरता केली तर तीन वर्षांपर्यंत कैद सांगतं. मुलांची काळजी सोपवलेल्या संस्थेचा माणूस असेल तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. शाळेच्या वेळात मूल शाळेच्या ताब्यात असतं, हे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या २०२१ च्या सूचनांत स्पष्ट मांडलं आहे. मारहाणीचा साधा गुन्हा तर कुणालाही लागतो.

वळ, सूज असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि केसपेपरवर 'शाळेत मारल्याचं सांगितलं' हे शब्द लिहवून घ्या. मग प्राचार्यांना पत्र. त्यात शिक्षा काय द्यावी हे सांगण्यात जागा घालवू नका. दिनांक, तास, काय झालं, कोण हजर होतं, आणि 'सात दिवसांत काय कारवाई केली ते लेखी कळवावे' एवढं पुरे. शेवटी एक वाक्य जरूर घाला : 'या तक्रारीनंतर मुलाला वर्गात, परीक्षेत किंवा अन्य कुठेही त्रास झाल्यास तीही तक्रार समजावी.' राग काढण्याविरुद्ध यासारखं दुसरं साधन नाही. पुढची पायरी जिल्हा शिक्षण अधिकारी. मंगळवारच्या जनसुनवाईत मोती तबेल्याच्या कलेक्टर कार्यालयातही अर्ज देता येतो. शिक्षण हक्क कायद्याखालच्या तक्रारीवर स्थानिक प्राधिकरणानं तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, त्यावर राज्य बाल हक्क आयोगाकडे अपील आहे.

प्रश्न : मधल्या सुटीत नातू जिन्यावरून पडला. डोक्याला मार. शाळेनं दोन तासांनी फोन केला. आता कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं तर 'पॉलिसी नाही' म्हणतात.
– एक आजोबा, टिळकनगर

घाई करा, कारण चित्रण आपोआप पुसलं जातं. सीबीएसईनं जुलै २०२५ मध्ये संलग्न शाळांसाठी नियम केला की प्रवेशद्वारं, जिने, व्हरांडे, वर्ग अशा सर्व ठिकाणी (स्वच्छतागृहं सोडून) आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे हवेत आणि चित्रण किमान १५ दिवस राहिलं पाहिजे. सोळाव्या दिवशी शाळा 'राहिलं नाही' म्हणू शकते. राज्य मंडळाची शाळा असेल तर डिस्क भरली की जुनं जातं, ते आठवड्यातही होतं.

चित्रण हातात देण्याचा हट्ट धरू नका. त्यात इतर मुलंही असतात आणि शाळेचा नकार त्या मुद्द्यावर टिकू शकतो. मागा ते जतन करण्याचं : 'अमुक दिनांक, १०.३० ते १.००, पहिल्या मजल्याचा जिना व कार्यालयाबाहेरचा कॅमेरा, हे चित्रण वेगळ्या डिस्कवर सुरक्षित ठेवावे.' असं पत्र पोचल्यानंतर ते नाहीसं झालं तर जबाब शाळेला द्यावा लागतो. पोलीस ते जप्त करू शकतात. कार्यालयाबाहेरच्या कॅमेऱ्याचा उल्लेख मुद्दाम केला आहे. मूल किती वाजता आत आणलं, किती वेळ बाकावर बसवून ठेवलं, हे तिथं दिसतं, आणि तुमच्या प्रकरणात पडण्यापेक्षा ते दोन तास अधिक महत्त्वाचे आहेत. खेळताना मूल पडू शकतं, त्यात दर वेळी शाळेचा दोष नसतो. वैद्यकीय मदतीला उशीर मात्र २०२१ च्या सूचनांमध्ये हलगर्जीपणाच्या प्रकारांत सरळ मोजलेला आहे.

डोक्याला मार लागल्यावर उलटी, झापड, बोलताना अडखळणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, यांपैकी काहीही पुढचे दोन दिवस दिसलं तर तडक एमवाय रुग्णालयात किंवा जिथं सीटी स्कॅन होतो तिथं न्या. शाळेत पडल्याची वेळ तिथल्या कागदावर येऊ द्या.

प्रश्न : आमची मराठी माध्यमाची जुनी शाळा. इमारत साठ-सत्तर वर्षांची. आम्ही विश्वस्त मानद, एक पैसा घेत नाही. काही झालं तर आमच्यावर खटला होईल का? दुरुस्तीला निधी नाही.
– एका संस्थेचे पदाधिकारी

होऊ शकतो. मानधन न घेणं ही तुमची सेवा आहे, पण बचाव नाही. खाजगी शाळेत व्यवस्थापन आणि प्राचार्य यांच्यावरच पहिली जबाबदारी २०२१ च्या सूचना टाकतात. मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. चौकशीत पहिला प्रश्न असतो : धोका ठाऊक होता का? म्हणून बैठकीच्या इतिवृत्तात 'छताला तडा, पुढील सभेत विचार' असं लिहून ठेवणं हे काहीच न लिहिण्यापेक्षा तुम्हाला अधिक अडकवतं. लिहायचं तर सोबत त्या खोलीला कुलूप घातल्याचंही लिहा.

२५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाडच्या पिपलोदी गावात शाळेचं छत कोसळून सात मुलं गेली. आधीपासून खडे पडत होते अशा बातम्या नंतर आल्या. पडणारी इमारत आधी सांगते : स्लॅबचा पोपडा सुटून गंजलेली सळी दिसते, तडा तिरका आणि वरच्या बाजूला रुंद होत जातो, दार अचानक चौकटीत अडकू लागतं, भिंतीत पिंपळ उगवलेला असतो. पिंपळ वरून छाटून उपयोग नाही, मूळ काढून भेग भरावी लागते. दरवर्षी मे महिन्यात स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी दाखला घ्या, नुसत्या ठेकेदाराचं तोंडी मत चालणार नाही.

निधी नसेल तर क्रम लावा. पहिल्या दिवशी करण्यासारखं फुकट असतं : धोक्याची खोली बंद करणं, वर्ग दोन पाळ्यांत घेणं, गच्चीचं दार बंद ठेवणं, जिन्यात ठेवलेली मोडकी बाकं हलवणं. शाळेच्या वेळात जाळीच्या दाराला कुलूप लावून किल्ली शिपायाच्या खिशात ठेवायची पद्धत आजच मोडा. १६ जुलै २००४ ला कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून निघालेल्या आगीत ९४ मुलं गेली, आणि सुटायला एक अरुंद जिना होता. त्यावरूनच २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचा भाग ठरवला. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे शाळेचा जिना दीड मीटर रुंद हवा. जुन्या इमारतीत तो वाढवता येत नसेल तर वरच्या मजल्यावर लहान वर्ग ठेवू नका, आणि दुसरा लोखंडी जिना हा खर्चाच्या यादीत सर्वांत वर घ्या. रंगकामाला देणगी मिळते, जिन्याला मिळत नाही. तरी माजी विद्यार्थ्यांकडे नेमकी जिन्यासाठी मागा.

अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का हे महिन्यातून एकदा बघायला एका शिक्षकाचं नाव ठरवा. ते चालवायला किमान चार जणांना शिकवा. बहुतेक शाळांत नळकांडं असतं, पण पिन ओढायची हे कुणाला माहीत नसतं. पोषण आहार असेल तर वाढण्याआधी शिक्षकासह मोठ्या माणसांनी चव घेऊन त्याची नोंद वहीत करायची. स्वयंपाकाची खोली वर्गांना लागून नको.

प्रश्न : मुलगी पंधराची, स्कूटीनं शाळेत जाते. शाळेनं बाहेर गाडी लावू दिली आहे. पकडलं तर शाळा उत्तर देईल ना?
– एक आई, वैशालीनगर

नाही, तुम्ही द्याल. मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-अ अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड सांगतं. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलीला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. सोळाव्या वर्षी मिळतं ते बिनगिअरच्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं, बाजारातली नेहमीची स्कूटी त्याहून मोठी असते. शाळेनं गाडी लावू देणं चूकच आहे आणि ते तुम्ही त्यांना सांगावं, पण आधी किल्ली काढून घ्या.

प्रश्न : कोचिंगला हे नियम लागतात का? मुलगा भंवरकुआँला जातो, शेजारच्याच तळघरातल्या वाचनालयात रात्री बसतो.
– एक पालक, महू

बरेचसे लागतात. जानेवारी २०२४ च्या केंद्रीय सूचनांनुसार सोळा वर्षांखालच्या मुलाला प्रवेश देऊ नये आणि वर्गात प्रत्येकाला किमान एक चौरस मीटर जागा हवी. जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं कोचिंगसह सर्व शिक्षणसंस्थांना बांधील सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तर प्रशिक्षित समुपदेशक हवा. राहण्याची सोय असेल तिथं छेडछाड न करता येणारे पंखे हवेत, गच्ची-बाल्कनीवर जाण्याला अटकाव हवा. प्रवेश घेताना समुपदेशकाचं नाव आणि भेटीची वेळ विचारा. गोंधळलेलं उत्तर मिळालं तर तो माणूस नाही असं समजा.

तळघराबद्दल मात्र थांबू नका. जुलै २०२४ मध्ये दिल्लीत अशाच तळघरातल्या वाचनालयात पावसाचं पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले, आणि २०१९ मध्ये सुरतच्या कोचिंगच्या आगीत २२ विद्यार्थी गेले. मुलाबरोबर एकदा स्वतः जा. बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, दार बोटाच्या ठशानं उघडणारं आहे का आणि वीज गेल्यावर ते हातानं उघडतं का, रस्त्याची पातळी पायरीपेक्षा वर आहे का, एवढं बघा. दुसरी वाट नसेल तर त्याच दिवशी जागा बदला, आणि महापालिकेच्या झोन कार्यालयात पत्त्यासह लेखी कळवा.